माळावरची शेवटची तोटी

सोमवार, ८ डिसेंबर २०२५. सकाळी ५ वाजून ४० मिनिटं. मोटार चालू केली आहे. टाकी भरायला दीड तास लागेल. विहिरीवरच्या खोलीत बसून लिहितो आहे.

सौ. दैवशाला हिस,

हे पत्र सिद्धोधनच्या हाती देतो आहे. दर पंधरा दिवसांनी तो ऊसतोडीच्या तळावर ज्वारीची पोती पोचवायला टेम्पो घेऊन येतो. मला म्हणाला, "फोन कर की. मी काय पोस्टमन हाय का?" मी म्हटलं, फोन लागत नाही. तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस हे सांगितलं नाही. त्याला कळलं असावं, कारण चहाचे पैसे त्यानंच दिले.

तू जाऊन आज त्रेचाळीस दिवस झाले. मामींचा गुडघा सुजला म्हणून त्यांच्या जागी तू मामांबरोबर कोयत्याला गेलीस, असं मी गावात सांगतो. ते खोटं नाही. कोयता म्हणजे जोडी, एकट्या माणसाला मुकादम आगाऊ पैशांची उचल देत नाही. पण लग्न झालेली मुलगी नवऱ्याचं घर सोडून बापाबरोबर ऊस तोडायला जाते तेव्हा लोक गुडघ्यावर विश्वास ठेवत नाहीत.

मला ११ ऑक्टोबरबद्दल लिहायचं आहे, कारण तू माझं ऐकून न घेता गेलीस.

पंचायतीला नळयोजना चालवता येईना, म्हणून तीन वर्षांपूर्वी ग्रामसभेनं ठराव करून ती मला चालवायला दिली. विजेचं बिल माझं, दुरुस्ती माझी, आणि दोनशे बारा घरांची महिना शंभर रुपये पट्टी गोळा करायची तीही मीच. सगळ्यांनी भरली तर मला सुटतं, नाही तर पदरचे जातात. म्हणून नियम केला की तीन महिने थकले की तोटी बंद, आणि नाव पंचायतीच्या फळ्यावर. मामांचे तीनशे थकले होते. आप्पाराव पारावर सगळ्यांसमोर बोलले, "बघू बरं, पाणीवाल्या जावयाच्या यादीत सासरा बसतोय का." ते पंचायतीचे सदस्य आहेत, त्यांचा शब्द ग्रामसभेत चालतो. म्हणून मी मामांचं नाव पहिलं लिहिलं आणि तोटीही त्यांचीच पहिली बंद केली. त्याच दिवशी तुझ्या भावाला, बबलूला बघायला जिंतूरकडचे पाहुणे येणार आहेत हे मला आधी कळलं असतं, तर मी एक दिवस थांबलो असतो.

मामा म्हणायचे, माळावर पाणी येतच नाही तर पैसे कशाचे. माझ्या वहीत माळगल्लीपुढं रोज चाळीस मिनिटं लिहिलेली आहेत. एक दिवसही खाडा नाही. वही खोटं बोलत नाही.

उसाच्या पानानं हात कापतात असं ऐकलं आहे. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधत जा.

आदिनाथ


रविवार, २१ डिसेंबर २०२५. सकाळी ६ वाजून ५ मिनिटं. खालच्या गल्लीचा व्हॉल सोडून आलो.

सौ. दैवशाला हिस,

सिद्धोधन परत आला तेव्हा मी त्याला टेम्पोतून उतरूही दिलं नाही.

"वाचलं का?"

"वाचलं."

"काय म्हणाली?"

"म्हणली, लय बारीक लिहितेत."

"आणखी?"

"आणखी काय. मोळी उचलली अन् गाडीकडं गेली. लय कामाची हाय तुझी बायको. मुकादम म्हणायलाय, या पोरीला कोयता शिकवावा लागला न्हाई."

म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरात लिहितो आहे. पानं जास्त लागतील, लागू देत.

मुकादमाचं बोलणं ऐकून मला बरं वाटलं नाही. तुझं वजन सत्तेचाळीस किलो आहे. पालमच्या दवाखान्यात काटा मीच वाचला होता. उसाची मोळी किती किलोची असते ते मी सिद्धोधनला विचारलं. त्यानं सांगितलं नाही. "तुला हिसाब करायची सवय हाय, उगं झोप उडंल," म्हणाला.

घर ठीक आहे. भाकरी करतो, कडा चिरतात. तुझ्या चपलांची जुनी जोडी दाराशी होती, ती आत घेतली, कुत्रं नेईल म्हणून. मग परत बाहेर ठेवली. दारात चपला दिसल्या की घरात कुणी आहे असं वाटतं. मी विहिरीवरून आलो की लांबून आधी तिकडंच बघतो.

खोलीवर तू चहा घेऊन यायचीस ते आठवतं. पेल्यावर ताटली झाकलेली असायची. मी व्हॉलची चावी फिरवत असताना तू पाइपाला कान लावून बसायचीस आणि पाणी पुढच्या कोपऱ्यावर पोचायच्या आधीच सांगायचीस, "आलं." मी घड्याळ बघायचो. तुझं कधी चुकलं नाही. मी तसा कान लावून बघितला. मला फक्त मोटारीचा आवाज येतो.

तू मला दोनदा सांगितलं होतंस, "एकदा आईच्या तोटीखाली हंडा लावून बघा." दोन्ही वेळा मी वही दाखवली. मी गेलो नाही याचं कारण लिहितो. जावई सासूच्या अंगणात घड्याळ घेऊन बसला, म्हणजे माळगल्लीला जास्त पाणी सोडणार, असं बाकीच्या चार गल्ल्या म्हणाल्या असत्या. मला तेवढ्याचीच भीती होती. दुसरं कारण असेल तर ते मला अजून सापडलेलं नाही.

आदिनाथ


रविवार, ४ जानेवारी २०२६. सकाळी ९ वाजून २० मिनिटं. आताच माळावरून आलो. हात ओले आहेत, म्हणून पानावर डाग पडला.

सौ. दैवशाला हिस,

गेलो होतो.

व्हॉलवर सिद्धोधनला उभं केलं. बरोबर सात वाजता सोड म्हणून सांगितलं आणि दोघांची घड्याळं जुळवली. माळावर पोचलो तेव्हा मामी मेंढरांच्या वाड्याजवळ लेंड्या झाडत होत्या, एक पाय ओढत. ऑक्टोबरनंतर मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. मला वाटलं, त्या तोंड फिरवतील. त्या आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या.

"आधी पाणी घ्या, पावनं."

मी प्यालो. पाण्याला हापशाची खारट चव होती.

मग मी शेवटच्या तोटीखाली हंडा लावला आणि वर दगडावर बसलो. बबलू बाजेवर पडून बघत होता. सात वाजून दहा मिनिटं झाली. सव्वासात. तोटी नुसती फुसफुसत होती, आतून वारा येत होता.

"दाजी," बबलू म्हणाला, "वारा बी तुमच्या वहीत लिवता का?"

"गप रे," मामी म्हणाल्या.

"गप का? त्याची बी पट्टी लावतील."

सात वाजून एकतीस मिनिटांनी पहिलं पाणी आलं, करंगळीएवढी धार. चाळीस मिनिटं झाल्यावर तिकडं सिद्धोधननं व्हॉल बंद केला. नऊ मिनिटांत एक हंडा आणि अर्धी कळशी.

मी मामींना विचारलं, रोज असंच येतं का. त्या म्हणाल्या, "मला काय इचारता, घड्याळ तुमच्या मनगटाला हाय."

दैवशाला, तीन वर्षं मी वेळ व्हॉलवर मोजत आलो. चावी फिरवली की लिहायचं, बंद केली की लिहायचं. पण व्हॉलपासून माळापर्यंत नऊशे फूट पाइप आहे आणि माळ उंचावर आहे. मधल्या घरांचे हंडे भरून त्यांच्या तोट्या बंद होतात, तेव्हा कुठं पाणी वर चढतं, आणि तोवर माझी चाळीस मिनिटं संपत येतात. वहीतला एकही आकडा खोटा नव्हता. तो फक्त तुमच्या अंगणातला नव्हता.

मी उठलो. मामी म्हणाल्या, "तुमच्या लग्नात पाय धुवायचं पाणी बी हापशाचंच हुतं. सकाळधरनं चार खेपा केल्या. तोटीला पाणी आलं न्हाई म्हणून पावन्याला कसं सांगावं."

त्या दिवशीचं माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी पाटावर, पाय परातीत. मामा वाकून पाय धुतायत आणि मामी कडेनं धार धरतायत. योजना माझ्या हातात येऊन तेव्हा वर्ष झालं होतं. पाणी गार आहे एवढंच माझ्या मनात आलं होतं. कुठून आलं ते मी विचारलं नाही. पुढं त्याच माणसाची तोटी मी बंद केली.

आता एक लिहायचं राहिलं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की पाहुणे येणार हे मला ठाऊक नव्हतं. ते खोटं आहे. तू आदल्या संध्याकाळी तांदूळ निवडताना सांगितलं होतंस. म्हणाली होतीस, "उद्या नका, परवा करा. बिनपाण्याच्या घरात कोण लेक देतंय." मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. खरं म्हणजे आप्पाराव सकाळी फळ्यापुढं येऊन उभे राहणार होते आणि मला त्यांना ते नाव दाखवायचं होतं.

त्या दिवशी अकरा वाजता तू पंचायतीत आलीस. माझ्या टेबलापुढं, बाकीच्या लोकांसारखी रांगेत. पदराची गाठ सोडून साडेतीनशे मोजलेस, तीनशे पट्टीचे आणि पन्नास दंडाचे. शिलाईचे होते ना ते? तू म्हणालीस, "पावती फाडा." मी विचारलं, कुणाच्या नावानं. तू म्हणालीस, "दैवशाला येडबा." माझं नाही, मामांचं नाव लावलंस. मी तसं लिहिलं, शुद्ध लिहिलं, सही करून तुझ्या हातात दिलं. आप्पाराव हसले. मी तोटी सुरू करून आलो तोवर पाहुण्यांची जीप निघून गेली होती. आणि तोटी सुरू करून तरी काय झालं असतं, हे मला आज कळलं.

तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू भाऊबीज होईपर्यंत माझ्या भाकरी केल्यास आणि एक शब्द बोलली नाहीस.

आदिनाथ


मंगळवार, २७ जानेवारी २०२६. दुपारी २ वाजून १५ मिनिटं. वीज गेली आहे, मोटार बंद.

सौ. दैवशाला हिस,

काल ग्रामसभा झाली. दर वर्षी २६ जानेवारीला योजना पुढं माझ्याकडं ठेवायची की नाही हे ठरतं. मी सकाळी झेंड्याच्या आधी जाऊन फळ्यावर लिहिलं:

"माळगल्लीतील अकरा घरांना रोज चाळीस मिनिटे पाणी दिले असे माझ्या वहीत आहे. प्रत्यक्षात नऊ मिनिटे मिळत होती. चूक माझी आहे. त्यांची बाकी मी चुकीची काढली. येडबा यांचे नाव फळ्यावर लिहिले तेही चुकीचे."

दोनदा पुसून पुन्हा लिहिलं. सभा भरली तेव्हा हे सगळ्यांचं वाचून झालेलं होतं, तरी आप्पारावांनी मला उभं राहून मोठ्यानं वाचायला लावलं.

"म्हंजे तीन वर्षं फुकटचे पैसे खाल्ले की," ते म्हणाले.

मी म्हणालो, हो, अकरा घरांचे खाल्ले.

भांडणाला दुसरी बाजू लागते. मग ते म्हणाले, बायको परत यावी म्हणून हे नाटक चाललंय. लोक हसले. मला राग आला नाही, कारण अर्धं खरं होतं. मी तसंच सांगितलं. "बायको यावी असं मला वाटतं. पण ती आली न्हाई तरी पाइप तेवढाच लांब ऱ्हाईल."

कुणीतरी म्हणालं, याच्याकडनं योजना काढून घ्या. आप्पारावांनी विचारलं, मग घेणार कोण. मागच्या भिंतीजवळ मामी बसल्या होत्या, गुडघा लांब करून. त्या गेली दोन वर्षं ग्रामसभेला आल्या नव्हत्या. त्या बसूनच म्हणाल्या, "काढा की. पर उद्या पहाटं पाचला मोटार कोण चालू करणार त्याचं नाव आधी सांगा. दंवात जायाला लागतंय. आमचा जावई जातोय."

त्यांनी 'आमचा जावई' म्हटलं. हे तुला लिहावं की नाही यावर मी रात्रभर विचार केला. माझ्या बाजूनं बोलल्या असं मी म्हणत नाही. घडलं तेवढं लिहिलं.

ठराव असा झाला: योजना माझ्याकडं राहील. माळासाठी वेगळा पाइप आणि वेगळा व्हॉल मी माझ्या खर्चानं टाकायचा, होळीच्या आत. अकरा घरांचे तीन-तीन महिन्यांचे पैसे परत करायचे. सरपंच राजेश्रीताईंनी सही केली आणि मला हळूच विचारलं, "जमंल का?" मी हो म्हणालो. घरी येऊन हिशेब केला तेव्हा जमत नव्हतं.

आदिनाथ


रविवार, २२ फेब्रुवारी २०२६. सकाळी ६ वाजून ५० मिनिटं. मामींच्या अंगणात, दगडावर बसून लिहितो आहे.

सौ. दैवशाला हिस,

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सिद्धोधन परवा आला आणि टेम्पोतूनच ओरडून म्हणाला, "इचारलंय, माळावर आता किती वाजता येतं." मी म्हटलं, एवढंच? तो म्हणाला, "एवढंच. पर दोनदा इचारलं. पोचल्यावर अन् निघताना."

सहा वाजून पाच मिनिटांनी व्हॉल सोडतो. सहा वाजून नऊ मिनिटांनी शेवटच्या तोटीला पाणी येतं. अंगठ्याएवढी धार असते. चाळीस मिनिटं मी आता तोटीवर मोजतो. आज हे पत्र सुरू करेपर्यंत मामींचे पाच हंडे आणि मेंढरांची टाकी भरली.

मोटारसायकल विकली. सायकलवर विहिरीपर्यंत अठरा मिनिटं लागतात, म्हणून लवकर निघतो. चर खणायला दोन गडी लावले होते. तिसऱ्या दिवशी बबलू टिकाव घेऊन आला आणि मधूनच खणायला लागला. मी मजुरी विचारली.

"दाजी, आमच्या अंगणात पाणी आणायची मजुरी तुमच्याकडनं घेऊ का?" मग थोडं खणून म्हणाला, "तसं मला बघायला कुणी आलं तर त्या दिवशी तेवढं घड्याळ घरी ठेवा."

मी म्हणालो, ठेवीन. तो हसला. जिंतूरकडच्यांनी मुलगी दुसरीकडं दिली, हे तुला त्यानं सांगितलंच असेल. ते मी भरून देऊ शकत नाही. त्याला तसं म्हणालो. तो म्हणाला, "न्हाईच देऊ शकत," आणि खणत राहिला.

पाणी पहिल्यांदा आलं तेव्हा मामी तोटीजवळ उभ्या होत्या. त्यांनी हंडा लावला नाही. आधी हात धुतले, मग तोंड, मग खाली बसून सुजलेला गुडघा धारेखाली धरला. बराच वेळ. पाणी वाया चाललं होतं. मी तोटीला हात लावला नाही.

कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, तीन आठवडे आहेत असं सिद्धोधन म्हणतो. तो पडला की सगळे परततील. तू माळावर उतरशील की खाली आपल्या घराकडं येशील, हे मी विचारत नाही. 'ये' असं लिहिणार होतो, दोन पानं तशी लिहिलीही, ती इथं जोडलेली नाहीत. तू पाइपाला कान लावून जशी थांबायचीस तसा मी थांबलो आहे, मला काही ऐकू येत नाही तरी.

खाली हिशेब देतो. तू मागितलेला नाहीस, पण तू असतीस तर विचारला असतास.

खर्च:
पाइप, ४५ नग, ४५० रुपये दरानं – २०,२५०
व्हॉल एक – २,४००
जोड आणि चिकटवायचं सोल्युशन – १,१५०
पालमहून टेम्पो (सिद्धोधननं भाडं निम्मंच घेतलं) – ८००
दोन गडी, सहा दिवस – ६,०००
एकूण – ३०,६००

गाडी विकून आले – २४,०००
पालमच्या दुकानदाराचे देणे – ६,६००. दर महिन्याला हजार, तो तयार आहे.

माळावरच्या दहा घरांना परत, प्रत्येकी ३०० – ३,०००. दिले, सह्या घेतल्या. हे शेळी विकून.

अकरावं घर मामांचं. मामींना ३५० द्यायला गेलो. त्यांनी हात पुढं केला नाही. म्हणाल्या, "हे माझ्या लेकीच्या पदराचे हायत. मी कोण घेणार? तिच्या हातात द्या."

बाकी देणे – ३५०. दैवशाला हिस, हातात.

आदिनाथ